जपानी ठशातलं भूत: छापायचं कसं, ओळखायचं कसं

प्रश्न असा होता: लाकडी ठसा म्हणजे ठळक रेघ आणि सपाट रंग. मग जपानी छापचित्रांतली भुतं कमरेखाली धुरासारखी विरत कशी जातात, त्यांच्या अंगातून मागचं गवत कसं दिसतं? चित्रातलं भूत नेमकं कोणाचं हे कसं समजायचं, हाती आलेली प्रत जुनी की नंतरची, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती ठेवायची कशी?

चित्रावर नाव होकुसाई, कुनियोशी अशा चित्रकाराचं असतं, पण भूत त्यांच्यापेक्षा छापणाऱ्याच्या हातात जास्त असतं. आणि तो काही वाढवून ते आणत नाही. रेघ काढून घेतो, शाई पुसून घेतो, दाब कमी करतो, आणि जे उरतं ते भूत. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, छापचित्र हा चौघांचा धंदा होता: पैसे घालणारा प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून द्यायचा. ते पालथं घालून डोंगरी चेरीच्या फळीवर चिकटवायचं आणि रेघेच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढून टाकायचं; मूळ रेखाटन तिथेच संपलं. हा पहिला ठसा काळ्या रेघेचा. त्याच्या छापा काढून चित्रकार एकेका छापेवर एकेका रंगाची जागा दाखवायचा आणि तेवढे रंगाचे ठसे कोरले जायचे. १७६५ च्या सुमारास, सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून, ही बहुरंगी पद्धत रुळली. एक कागद दहा-पंधरा वेळा ठशांवर पडणं हे नेहमीचंच. विरत जाणारी छटा यात कुठेही कोरलेली नसते. ‘इथे फिकट करत न्या’ अशी सूचना असते आणि बाकी सगळं छापणाऱ्यावर.

जिवंत माणसाची बाहेरची रेघ काळ्या ठशातून येते. भुताच्या बाबतीत तिच्याशी तीन प्रकारे खेळतात. एक, भुताच्या रेघा काळ्या ठशावर ठेवायच्याच नाहीत, वेगळ्या फळीवर कोरायच्या आणि पाणी घातलेल्या करड्या काजळीने छापायच्या. दोन, रेघ अजिबात ठेवायची नाही, नुसता करडा डाग. कुनियोशीच्या दाइमोत्सूच्या खाडीवरच्या तीन पानी चित्रात (१८५० च्या आसपास) योशित्सुने या सरदाराच्या जहाजासमोर समुद्रातून उठणारी, त्याने हरवलेल्या ताइरा घराण्याची मेलेली फौज अशीच आहे: शिरस्त्राणं, शिंगं, भाले, सगळं सावलीचं, एकाला चेहरा म्हणून नाही. तीन, रेघ कमरेपर्यंत आणायची आणि तिथे सोडून द्यायची. खालचा पायघोळ झगा रंगाच्या उतरत्या छटेतच संपतो.

आरपार दिसण्याची युक्ती मात्र कोरतानाच ठरवावी लागते. मागच्या गवताच्या किंवा पडद्याच्या रेघा भुताच्या अंगापाशी थांबवायच्या नाहीत, तशाच अंगातून पुढे न्यायच्या. वरून झग्याचा रंग इतका पातळ द्यायचा की रेघा दिसत राहतील. रंग जरा जाड झाला की भूत घट्ट होतं, अंगाला मांस येतं.

मच्छरदाणीची गंमत याच्या उलट. भुतांच्या गोष्टींचा हंगाम जपानात उन्हाळा, पितरांच्या ओबोन सणाच्या आसपासचा. त्यामुळे भुताच्या चित्रांत मच्छरदाणी वरचेवर येते. तिच्या उभ्या धाग्यांचा एक ठसा आणि आडव्यांचा दुसरा, असे दोन ठसे एकावर एक पाडतात. कागद केसभर तिरपा बसला तर जाळीत लाटा दिसायला लागतात आणि तो कागद वाया. जाळी स्वच्छ असेल तर कोरणारा आणि छापणारा दोघेही पहिल्या फळीचे होते असं खुशाल समजावं.

आता विरत जाणारी छटा. तिला जपानीत ‘बोकाशी’ म्हणतात. करून बघणाऱ्यासाठी सविस्तर सांगतो, कारण प्रत ओळखायलाही हीच माहिती लागते.

कागद कोझोचा, म्हणजे कागदी तुतीच्या सालीचा. धागा लांब असल्याने ओला असताना पंधरा वेळा घासूनही फाटत नाही. कापसाचा हातकागद फुगतो आणि घासला की त्याची लव निघते. दोन-तीन रंगांपुरता चालेल. कागदाला आधी सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात द्यायचा, नाहीतर रंग टीपकागदासारखा पसरतो. तुरटी जास्त झाली तर कागद आम्ल होऊन पुढे ठिसूळ पडतो. छापायच्या आदल्या रात्री दर दुसऱ्या कागदाला ओल्या कुंच्याने पाणी लावायचं, गठ्ठा करायचा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी होते. कागद हाताला गार लागला पाहिजे, ओला नाही. सगळे रंग संपेपर्यंत ही ओल टिकवायची, कारण वाळला की कागद आखडतो आणि ठसे जुळत नाहीत.

ठसे जुळतात ते फळीवरच कोरलेल्या दोन खाचांमुळे. एक कोपऱ्यातली काटकोनी, दुसरी लांब बाजूवरची सरळ. प्रत्येक ठशावर त्या त्याच जागी असतात. कागदाचा कोपरा आणि कड त्यांत टेकवून कागद सोडायचा. यांना ‘केंतो’ म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरची चूक चेहऱ्यावर लगेच दिसते.

उतरती छटा छापताना पहिल्यांदा ठशावर पाणी फिरवून लाकूड पाणी पिऊ द्यायचं. मग जिथे रंग संपायला हवा त्या भागावरून ओलं, पिळलेलं फडकं एकदा फिरवायचं. जिथे गडद हवा तिथे पाण्यात कालवलेला रंग आणि मसुराच्या दाण्याएवढी तांदळाच्या पिठाची खळ ठेवायची. खळ दह्याएवढी दाट. घोड्याच्या केसांच्या ब्रशची एकच बाजू रंगात बुडवून दुसरी नुसती ओली ठेवायची आणि ब्रश गडद कडेला समांतर, इकडून तिकडे ओढायचा. ब्रश गडदाकडून फिकटाकडे नेला तर रंग तिकडे वाहून जातो आणि छटा मरते. नवशिक्याची चूक हमखास हीच. कागद ठेवायचा, वर एक कोरडा पातळ कागद घालायचा, आणि मग बारेनने घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या पानाच्या वळलेल्या दोरीची चकती, वर बांबूचंच पान बांधलेली. गडद बाजूला मनगटाचा भार, फिकट बाजूला नुसता हात फिरवल्यासारखा. नाहीच मिळाली तर लाकडी डावाची पाठ घ्या. रेघेला चालते, मोठ्या रंगाच्या जागेला मात्र चट्टे पडतात.

एका दमात गडद करायला जाऊ नये. पातळ रंगाचे तीन हात एकावर एक, प्रत्येक वेळी फिकटाची हद्द थोडी वर घेत, हे एका जाड हातापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

बिघडतं ते असं. छटा जिथे संपते तिथे कडक रेघ उमटली तर पाणी कमी पडलं. रंगावर तिळासारखे पांढरे ठिपके आले तर खळ कमी किंवा दाब कमी, किंवा कागद वाळलेला. रेघा फुटून केसाळ झाल्या तर कागद जास्त ओला. आणि झग्याच्या खाली, फिकटातही, ठशाच्या कडेचा पुसट आकार दिसत असेल तर दोष छापणाऱ्याचा नाही: त्या बाजूची लाकडाची कड कोरणाऱ्याने उतरती तासायला हवी होती. कड काटकोनात राहिली की कितीही पुसा, तिथे रंग साचतोच. सागावर बारीक रेघेचं काम करू नये, त्याची रंध्रं मोठी, रेघ तुटते. नुसत्या छटेच्या ठशाला गुळगुळीत प्लायवुडही पुरतं.

पांढऱ्या कफनीवरची नक्षी पाहायची असेल तर चित्र तिरप्या उजेडात धरावं लागतं. तिथे रंग नसतोच; कोरलेल्या ठशावर शाई न लावता कागद दाबून उठाव काढलेला असतो. हे काम सगळ्यात शेवटी, कारण नंतर पुन्हा बारेन फिरवला की उठाव बसतो. इंटरनेटवरच्या फोटोत तो जवळजवळ कधीच दिसत नाही. केसांचंही सरळसोट काळं नसतं. आधी पातळ करड्याचा हात, त्यावर काळ्या केसांच्या रेघा, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. डोकं आणि केस कोरणं हे कारखान्यातल्या मुख्य कारागिराचं काम, कपडे आणि भांडी शिकाऊ पोरांची.

रंग आपल्या ओळखीचेच: काजळी, नीळ, हळद, हरताळ, शेंदूर, करडईच्या फुलाचा लाल. शिवाय एका रानफुलापासूनचा निळा, जो पाणी लागलं तरी जातो. करडईचा लाल उजेडात उडतो, शेंदूर काळा पडतो. १८३० च्या सुमारास युरोपातला प्रशियन निळा एदोत स्वस्त झाला आणि रात्रीचं चित्र बदललं: गडद निळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत सलग उतरणारी छटा आता स्वच्छ मिळू लागली. होकुसाईची भुतं नेमकी याच वेळची आहेत हा योगायोग वाटत नाही.

त्या मालिकेचं नाव ‘ह्याकु मोनोगातारी’, शंभर गोष्टी. रात्री जमून शंभर दिवे लावायचे, एकेक भुताची गोष्ट झाली की एकेक दिवा विझवायचा, शंभरावा विझला की खरं काहीतरी येतं, असा तो खेळ. चित्रं शंभर नाहीत. १८३१-३२ च्या सुमाराची पाचच माहीत आहेत आणि आकाराने लहान, साधारण २६ बाय १९ सेंटिमीटर. त्यांतली ओकिकू जवळून बघण्यासारखी आहे. गोष्ट अशी की मालकाच्या दहा मौल्यवान थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ येऊन या मोलकरणीला मारून विहिरीत टाकतात. मग रोज रात्री विहिरीतून एक ते नऊ मोजल्याचा आवाज येतो आणि नऊनंतर किंकाळी. दुसरा चित्रकार बाई काढेल, हातात थाळी देईल. होकुसाईने तिची मानच थाळ्यांची केली आहे: एकाखाली एक थाळ्या, त्यांवरून ओले केस, सापासारखी वळत विहिरीतून वर आलेली, तोंडातून वाफेची एक रेघ. चेहरा मात्र भेसूर नाही, थकलेला आहे. या गोष्टीची एक आवृत्ती एदोच्या बान्चो भागातली आणि एक हिमेजीची. हिमेजीच्या किल्ल्यात ओकिकूची म्हणून विहीर आजही दाखवतात. १७९५ मध्ये जपानातल्या विहिरींवर एका फुलपाखराच्या कोशांचा सुळसुळाट झाला, ते कोश हात बांधलेल्या बाईसारखे दिसतात, आणि लोकांनी त्यांना ‘ओकिकूचा किडा’ असंच नाव दिलं.

ओईवा ओळखायला सगळ्यात सोपी: कपाळ सुजलेलं, एक डोळा लोंबलेला, केसांची मध्येच उडालेली पुंजकी. त्सुरुया नान्बोकू चौथा या नाटककाराचं तिच्यावरचं काबुकी नाटक (काबुकी म्हणजे जपानी नृत्य-संगीतनाट्य) १८२५ मध्ये एदोच्या नाकामुरा-झा नाट्यगृहात आलं. नवरा इएमोन पैशासाठी शेजारच्या घरच्या मुलीशी लग्न करायला तयार होतो; त्या घरून बाळंतीण ओईवाला औषध म्हणून विष येतं; केस विंचरताना ते हातात येतात. मेल्यावर तिला आणि कोहेई नावाच्या नोकराला एकाच दाराच्या दोन बाजूंना खिळून नदीत सोडतात. मासे धरायला बसलेल्या इएमोनपुढे ते दार वर येतं, उलटतं, दुसऱ्या बाजूला दुसरं प्रेत. हा प्रवेश काही छापचित्रांत कागदाची घडी चिकटवून केला आहे. घडी उचलली की खालून दुसरा चेहरा. अशी चित्रं घेताना ती घडी मूळची आहे का ते नक्की बघावं, कारण सगळ्यात आधी हाताळून फाटते तीच. कंदिलातून ओईवा बाहेर येते तो प्रसंगही रंगभूमीचा. होकुसाईने तिथे आणखी एक पायरी गाठली: कंदिलाची फाटलेली पट्टी तेच तोंड, कागदाच्या वळ्या त्याच सुरकुत्या, आणि अंगावर तिचं नाव लिहिलेलं. भूत कंदिलातून येत नाही, कंदीलच झालं आहे. आसपास उंदीर दिसले तरी बहुधा ओईवाच. ती उंदराच्या वर्षी जन्मलेली.

मच्छरदाणीवरून डोकावणारा, अर्धी कवटी नि अर्धं मांस असलेला तो कोहादा कोहेइजी. हा स्वतःच भुताच्या भूमिका करणारा नट, बायकोच्या प्रियकराने बुडवून मारलेला.

ही भुतं बहुतेक रंगभूमीवरून आली आहेत हे विसरलं की ओळख चुकते. एदोतल्या पुष्कळशा भुताच्या छापा म्हणजे त्या त्या भूमिकेतल्या नटाची तसबीर. म्हणून बाहीवरचं कुलचिन्ह बघायचं, त्यावरून नट, नटावरून प्रयोग, प्रयोगावरून साल. चेहऱ्यावर निळ्या रेघांची रंगभूषा असेल तर तीही काबुकीचीच, भुतांची आणि दुष्टांची. मात्र निळ्या-पांढऱ्या पोशाखातला शांत बसलेला पुरुष दिसला म्हणून भूत म्हणू नका. नट वारला की त्याच्या स्मरणार्थ चित्रं निघत, त्यांत तो फिकट निळ्या पोशाखात असे. १८५४ मध्ये इचिकावा दान्जुरो आठवा याने आत्महत्या केली तेव्हा अशी शंभराहून अधिक वेगवेगळी चित्रं बाजारात आली. विक्रेते ती सर्रास भूत म्हणून खपवतात.

पाय नसणं ही खूण सगळ्यांना ठाऊक असते. आपल्याकडे हडळ ओळखायची उलट्या पावलांवरून. जपानी चित्रात पावलंच शोधायची. नसली, हात छातीशी मनगटातून लोंबलेले असले, केस मोकळे, कपाळावर त्रिकोणी फडकं, बाजूला निळसर आगीचे गोळे, तर ते मेलेल्या माणसाचं भूत, ‘यूरेई’. पाय नसण्याचं श्रेय मारुयामा ओक्यो (१७३३-१७९५) या चित्रकाराला देतात, पण १६७३ च्या एका जोरुरी (कठपुतळी-नाट्याच्या) पुस्तकातल्या चित्रातही पाय नसलेलं भूत आहे, त्यामुळे शोध त्याचा नाही. त्याने तो प्रकार लोकप्रिय केला एवढंच. रंगभूमीनेही तळाकडे निमुळता होत जाणारा लांब झगा वापरून त्याला हातभार लावला. बाळंतपणात मेलेली ‘उबुमे’ मात्र कमरेखाली रक्ताने भिजलेली आणि कडेवर मूल घेतलेली असते. आळवंतिणीची आठवण व्हावी अशी.

आणखी एक खूण आहे आणि तीत एक खड्डा आहे. जिवंत माणूस किमोनोचा डावा पदर उजव्यावर घेतो, प्रेताला उजवा डाव्यावर. पण नेटवर चित्रं कित्येकदा आरशासारखी उलटी पडलेली असतात, आणि मग चित्रातली सगळी जिवंत माणसं मेलेली दिसतात. आधी सहीची अक्षरं सुलटी आहेत का बघा, मग पदर.

यूरेईला नाव असतं, गाऱ्हाणं असतं. नाव-गाव नसलेले प्रकार, लांब मानेच्या बायका, पाण्यातला काप्पा, दोन शेपट्यांचं मांजर, हे सगळे ‘योकाई’. त्यांना पायही असतात आणि काळी रेघही ठसठशीत असते. कुनियोशीचा प्रसिद्ध प्रचंड सांगाडा (१८४४-४५ च्या सुमारास) याच गटातला: तीन पानी चित्र, डावीकडे हातातल्या गुंडाळीतून मंत्र म्हणणारी जादूगार राजकन्या ताकियाशा, आणि उजवीकडून बांबूचा पडदा फाडून आत वाकलेला सांगाडा. मूळ कथेत पुष्कळ माणसाएवढे सांगाडे आहेत. कुनियोशीने त्यांचा एकच केला. या सांगाड्याला हल्ली सगळीकडे ‘गाशादोकुरो’ म्हणतात. ते नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे, कुनियोशीच्या तोंडी ते कधी आलेलं असणं शक्य नाही. तीन पानी चित्र घेताना सांधा बघावा: पानं सुटी विकली जात, त्यामुळे वेगवेगळ्या छपाईतली तीन पानं एकत्र लावलेली सापडतात आणि मागचं काळं एका पानावर गडद, दुसऱ्यावर करडं निघतं.

भुतांच्या आडून बोलणंही चाले. १८४२ मध्ये सरकारच्या काटकसरीच्या ‘तेन्पो’ सुधारणांखाली नटांच्या आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी आली. पुढच्याच वर्षी कुनियोशीचं कोळ्याच्या (आठ पायांच्या किड्याच्या) रूपातल्या राक्षसाचं तीन पानी चित्र निघालं: आजारी सेनापती योरिमित्सू झोपलेला, सरदार पटावर रमलेले, मागे अंधारातून भुतांची झुंड चालून येते. एदोच्या लोकांनी झोपलेल्यात शोगुन (लष्करी राज्यकर्ता) इएयोशीला, सरदारांतल्या एकात मंत्री मिझुनो तादाकुनीला आणि भुतांत सुधारणांनी नागवलेल्या धंदेवाल्यांना ओळखलं. प्रकाशकाने घाबरून पानं परत घेतली आणि ठसे तासून टाकले. त्या मागच्या झुंडीकडे पुन्हा बघा: काळा ठसा पुढच्या माणसांपुरता, भुतं करड्यात. इथे करडं छापणं हे सुरक्षिततेचंही होतं, कोणावर बोट ठेवता येऊ नये असं. १८५१ मध्ये तर वाढीव करांविरुद्ध दाद मागून सुळावर गेलेल्या शेतकरी पुढाऱ्याचं भूतच रंगमंचावर आलं, इचिकावा कोदान्जी चौथा त्या भूमिकेत, आणि कुनियोशीने ते छापलं.

योशितोशी (१८३९-१८९२) या नंतरच्या चित्रकाराची छत्तीस भुतांची मालिका १८८९ ते १८९२ मधली, आणि माझ्या मते या परंपरेतलं सर्वांत नाजूक छापकाम तिथे आहे. मालिकेच्या नावातल्या ‘शिन्केई’ शब्दावर श्लेष आहे: लिहिलंय ‘नवे आकार’, कानाला ऐकू येतं ‘मज्जातंतू’. भूतबित काही नसतं, तो नसांचा आजार, असं म्हणण्याचा तो काळ. म्हणून त्याची भुतं पुष्कळदा दाखवलेलीच नसतात. कुझुनोहा, बाईच्या रूपात राहणारी कोल्हीण, मुलाला सोडून निघाली आहे, बाई म्हणून काही वावगं नाही, फक्त कागदी दारावर सावली कोल्ह्याची. पाठीवरची सुंदरी वाहून नेणारा सामुराई हिकोशिची, आणि खाली पाण्यात तिच्या डोक्याला शिंगं. त्याची ओकिकू फिकट निळसर आहे, बाही तोंडाशी, आणि झगा विहिरीच्या वर कुठे संपतो ते बोट ठेवून सांगता येत नाही. या मालिकेच्या चौकटीची कड किडीने खाल्ल्यासारखी तुटक आहे. ती तशीच कोरलेली आहे. नुकसान समजून कोणी ‘दुरुस्ती’ करून घेऊ नये.

आता प्रत जुनी की नंतरची. लाकूड झिजतं ते रेघांपासून, पण त्याच्याही आधी झिजते ती मेहनत. पहिल्या छपाईत कधी कधी चित्रकार स्वतः लक्ष घाली. मागणी वाढली की वेळखाऊ गोष्टी गळत: उतरती छटा सपाट होई, एखादा करडा ठसा वगळला जाई, बिनशाईचा उठाव बंद होई. म्हणून भुताच्या चित्रात आधी चेहरा बघू नका, झग्याचं टोक बघा. तिथे सपाट करडी पट्टी असेल तर कागद कितीही जुना असो, छपाई नंतरची. केसांच्या टोकांच्या रेघा तुटलेल्या असतील तर आणखी नंतरची.

मग शिक्के. १७९० पासून ‘किवामे’ हा गोल परवान्याचा शिक्का. १८४३ ते १८४७ अधिकाऱ्याच्या नावाचा एक, त्यानंतर १८५३ पर्यंत दोन. त्यानंतर ‘आरातामे’ (तपासलं) हा शिक्का आणि राशीचक्रातल्या प्राण्यावरून वर्ष, आकड्यावरून महिना. १८७५ ला ही पद्धत संपली. नंतरच्या चित्रांत, योशितोशीच्या या मालिकेतही, कडेच्या समासात प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख छापलेली असते. समास कापलेला असेल तर ही माहिती गेली आणि किंमतही. शिक्का परवानगीचं साल सांगतो, तुमच्या हातातला कागद कधी छापला ते नाही.

होकुसाईच्या त्या पाच चित्रांच्या विसाव्या शतकात नव्याने कोरलेल्या चांगल्या नकला भरपूर आहेत. त्या खोट्या नव्हेत, फक्त जुन्या म्हणून विकल्या की खोट्या. त्यांचा कागद जाड आणि एकसारखा, रंग ताजे, रानफुलाचा निळा आणि करडई कुठे उडालेली नाही. मागची बाजू बघा: हाताने छापलेल्या चित्रात रंग मागे उतरलेला आणि बारेनच्या गोल खुणा असतात. दहापट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्राने छापलेलं पोस्टर, पुढे तपासायची गरज नाही.

ठेवायचं कसं याचं उत्तर मुंबई-कोकणच्या दमट हवेसाठी: ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तोही वर्षातून दोन-तीन महिनेच, बाकी वेळ आम्लविरहित पुठ्ठ्यात, आडवं. आर्द्रता ५०-५५ टक्क्यांच्या आसपास. काचेला कागद टेकू देऊ नका, पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. फ्रेमवाल्याला चिकटपट्टी लावू देऊ नका. कोझोच्याच कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, वरच्या दोन कोपऱ्यांत. आणि डाग काढायला म्हणून सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात कधी बुडवू नका: प्रशियन निळा अल्कलीत तपकिरी पडतो, रानफुलाचा निळा साध्या पाण्यातही जातो. झग्याच्या टोकाला मुळात रंग असतो तो एवढासाच.